गृहीत धरलेलं मत

बेळगावातले आम्ही पुरोगामी मराठी लोक चहाला बसलो की ५,२४० हा आकडा अजूनही निघतो. सुरेश अंगडी यांच्या निधनामुळे एप्रिल २०२१ मध्ये इथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तीत भाजपच्या मंगला अंगडी एवढ्याच मतांनी निवडून आल्या आणि काँग्रेसचे सतीश जारकीहोळी पडले. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे तरुण उमेदवार शुभम शेळके यांना १ लाख १७ हजारांच्या वर मतं पडली. शेळकेंच्या प्रचाराला संजय राऊत आले, भाजपच्या प्रचाराला देवेंद्र फडणवीस आले. हरूनसुद्धा शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत उत्साह होता, कारण समिती संपली असं म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं होतं. आमच्या घरातही तो उत्साह होता. दादाने शेळकेंना मत घातलं होतं. मी जारकीहोळींना.

निकाल लागला तेव्हा लॉकडाऊन होता. बाहेरचं कुणी यायचं नाही, त्यामुळे दोन दिवस आम्ही भावंडंच एकमेकांशी भांडत होतो. दादाचा प्रश्न एकच होता. “काय करूलालाय तुझा पक्ष मराठीसाठी, सांग बघू.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी उलट विचारलं, तुझी समिती मुसलमान शेजाऱ्यासाठी, दलित वस्तीसाठी, बाईच्या प्रश्नासाठी काय करते? त्याच्याकडेही नव्हतं. आई मधे पडली म्हणून जेवणं झाली.

मी कर्नाटकात जन्मलेली, मराठी शाळेत शिकलेली आणि कन्नडमध्ये अर्ज लिहून पोट भरणारी वकील आहे. बाबा राष्ट्र सेवा दलाचे आणि समितीचेही. त्यांच्या पिढीत या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. संयुक्त महाराष्ट्राचा लढा समाजवादी, कम्युनिस्ट आणि शेतकरी कामगार पक्षाच्या लोकांनी खांद्यावर घेतलेला. बेळगावात कॉम्रेड कृष्णा मेणसे यांच्यासारखी माणसं लाल झेंडा आणि सीमाप्रश्न दोन्ही सांभाळत होती. मराठी असणं आणि पुरोगामी असणं यांपैकी एक निवड, असं बाबांना कुणी म्हटलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता. मला मात्र प्रत्येक निवडणुकीत तो सोडवावा लागतो. यंत्रासमोर उभी राहिले की माझ्यातल्या एका अर्ध्याला बाहेर थांबायला सांगावं लागतं.

जारकीहोळींना मत देणं मला जड गेलं नव्हतं. ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, सदाशिवनगरच्या स्मशानभूमीत कार्यक्रम घेऊन तिथेच रात्र काढणारा दुसरा आमदार मला माहीत नाही. ज्या भागात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुली सोडल्या गेल्या, जिथे निपाणीपासून गडहिंग्लजपर्यंत देवदासी प्रथेविरुद्ध लोकांनी आयुष्यं वेचली, तिथे सत्तेतला एक माणूस स्मशानात पंगत मांडून भुताखेतांची भीती घालवू पाहतो, याची किंमत मला कळते. त्यांचं घराणं साखर कारखान्यांचं. रमेश जारकीहोळी काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले, बालचंद्र जारकीहोळी भाजपचेच आमदार. सरकार कुणाचंही आलं तरी त्या घरातलं कुणीतरी त्यात असतं. हे सगळं दिसत असताना मी मत दिलं, कारण स्मशानातली ती रात्र मला खरी वाटते.

मग नोव्हेंबर २०२२ आला. निपाणीत मानव बंधुत्व वेदिकेच्या कार्यक्रमात जारकीहोळी हिंदू या शब्दाच्या उगमाबद्दल बोलले आणि गदारोळ उठला. ते बोलणं अघळपघळ होतं, त्यातला अर्थाचा दावा सिद्ध करायला कठीण होता, हे मी त्याच दिवशी मैत्रिणींना म्हटलं होतं. पण त्यांच्या पक्षाने काय केलं? दिल्लीहून लगेच निषेध आला. आधी चूक दाखवा, मग बोला, असं म्हणणाऱ्या जारकीहोळींना दोन-तीन दिवसांत मुख्यमंत्री बोम्मई यांना पत्र लिहून विधान मागे घ्यावं लागलं. विधान मान्य नाही, पण धर्माबद्दल प्रश्न विचारण्याचा हक्क आम्ही राखू, एवढं एक वाक्य पक्षातल्या वरच्या कुणी बोललं असतं तर मला पुरलं असतं. ज्या गोष्टीसाठी मी या माणसाला मत दिलं होतं, नेमकी तीच गोष्ट पक्षाला ओझं वाटली. मतं हवी होती, पण ती ज्यासाठी दिली ते नको होतं.

तडजोडीचाच मला तिटकारा आहे असं कुणी समजू नये. कोर्टात बसून आयुष्य काढलं की तडजोड ही काय चीज आहे ते कळतं. भावाभावांच्या वाटणीत, नवरा-बायकोच्या पोटगीत मी शेकड्यांनी तडजोडी लिहिल्या आहेत. हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये सिद्धरामय्या सरकारने अघोरी प्रथांविरुद्धचं विधेयक मंजूर करून घेतलं, तेव्हा मी त्याची बाजू घेऊन भांडले होते. २०१३ मध्ये तज्ज्ञांनी दिलेला मसुदा बराच व्यापक होता. चार वर्षांत तो घासत घासत लहान झाला. फलज्योतिष बाहेर राहिलं, वास्तू बाहेर राहिली. माझे काही मित्र हे काय उरलं म्हणून वैतागले होते. पण ब्राह्मणांच्या उष्ट्या पत्रावळींवर लोळण्याची मडेस्नानाची प्रथा त्या कायद्याखाली गुन्हा ठरली. डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर महाराष्ट्राने चार दिवसांत वटहुकूम काढला होता, इथे चार वर्षं लागली, तरी आला. काय सोडलं आणि काय मिळवलं हे त्या विधेयकाच्या कलमांत कुणालाही वाचता येत होतं. अशी तडजोड मला चालते.

त्याच इमारतीत डिसेंबर २०२१ मध्ये भाजप सरकारने धर्मांतरविरोधी विधेयक आणलं. डी. के. शिवकुमार यांनी सभागृहात त्याची प्रत फाडली. मला बरं वाटलं. गरिबाने, बाईने, दलिताने कुणाला देव मानायचं हे जिल्हाधिकाऱ्याला आधी कळवावं, ही कल्पनाच मला सहन होत नाही, आणि कुणीतरी ती जाहीरपणे फाडतोय हे बघायला हवं होतं. दोन दिवस गेले नाहीत तोवर कायदामंत्री माधुस्वामी यांनी जुनी फाइल काढली. २०१६ मध्ये, काँग्रेसच्याच सरकारच्या काळात, असा मसुदा तयार झाला होता. सिद्धरामय्यांनी आधी नाकारलं. मग विधानसभाध्यक्षांच्या दालनात फाइल पाहिल्यावर सही आपली असल्याचं मान्य केलं. मंत्रिमंडळापुढे ठेवा एवढंच लिहिलं होतं, पुढे ते नेलं नाही, असा त्यांचा खुलासा होता. कायद्याच्या भाषेत तो खुलासा टिकेलही. पण फाडलेल्या प्रतीवर टाळ्या वाजवणाऱ्या माझ्यासारख्यांना त्या जुन्या कागदाबद्दल पाच वर्षांत कुणी काही सांगितलं नव्हतं. ते आम्हाला भाजपच्या मंत्र्याकडून कळलं.

तिथून पुढे मी टिपून ठेवायला लागले. काँग्रेसने मे २०२३ च्या जाहीरनाम्यात बजरंग दल आणि पीएफआय यांच्यासारख्या संघटनांवर बंदीपर्यंतची कारवाई करू असं लिहिलं. बजरंगबलीच्या घोषणा सुरू होताच पक्षातलेच ज्येष्ठ म्हणाले तसा प्रस्ताव नाही, आणि शिवकुमारांनी राज्यभर आंजनेयाची मंदिरं बांधण्याचं वचन दिलं. डिसेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी म्हैसूरमध्ये हिजाबबंदी मागे घेऊ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी विचार करतोय म्हटलं. मला हिजाब आवडतो का, हा इथे प्रश्नच नाही. माझ्याकडे काम शिकायला येणारी एक मुलगी त्या एका दिवसात जी हरखली आणि दुसऱ्या दिवशी जी गप्प झाली, ते मी बघितलंय. तिच्यासाठी ते नुसतं विधान नव्हतं. ती कोणत्या कॉलेजात जाणार, जाणार की नाही, हे त्यावर होतं.

एप्रिल २०२३ मध्ये जगदीश शेट्टर भाजप सोडून काँग्रेसमध्ये आले. पडले, तरी विधान परिषदेवर गेले. जानेवारी २०२४ मध्ये ते भाजपमध्ये परतले आणि त्याच वर्षी भाजपकडून आमच्या बेळगावचे खासदार झाले. लक्ष्मण सवदीही त्याच एप्रिलमध्ये आले आणि अथणीतून निवडून आले. याच सवदींनी २०२१ मध्ये उपमुख्यमंत्री असताना मुंबईच कर्नाटकात यायला हवी असं म्हटलं होतं. तेव्हा दादाने मला फोन करून सुनावलं होतं, भाजपचा माणूस बघ काय बोलतो. दोन वर्षांनी त्याने पुन्हा फोन केला. “आता तुझ्या पक्षात आलाय.” त्यावर काय बोलायचं?

पण एक गोष्ट या सगळ्यापेक्षा खोल रुतली आहे. आमचं बेळगाव कोल्हापूर आणि धारवाड यांच्या मधे आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ऑगस्टमध्ये धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात मारलं. पानसरे आमच्याकडे मराठीतून शिवाजी महाराज समजावून सांगायचे, कलबुर्गी कन्नडमधून बसवण्णांची वचनं. कलबुर्गी गेले त्या आठवड्यात चन्नम्मा चौकात मराठी आणि कन्नड माणसं शेजारी शेजारी उभी होती, आणि या शहरात ते दृश्य सोपं नाही. लिंगायत चळवळीतला एक कन्नड मित्र मला म्हणाला, अक्का, आपलं सरकार आहे, महिन्याभरात धरतील. कर्नाटकात तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं. महिना गेला, वर्ष गेलं. सप्टेंबर २०१७ मध्ये गौरी लंकेश यांचा खून झाल्यावर नेमलेल्या विशेष पथकाने धागे जुळवले, तेव्हा कुठे कलबुर्गींच्या खुनाचा तपास हलला. उमादेवी कलबुर्गींना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो तपास त्या पथकाकडे गेला. सत्तर पार केलेल्या विचारवंताच्या बायकोला आपल्याच लोकांच्या राज्यात न्यायासाठी दिल्ली गाठावी लागली. या गोष्टीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाऊ नये असं मला वाटतं.

हा राग मला बाबांकडूनही आलेला आहे. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला आणि नऊ माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे, दर १ जूनला तिथे माणसं जमतात. तेव्हा मुख्यमंत्री होते रामकृष्ण हेगडे. देशभरच्या उदारमतवाद्यांना हेगडे भावी पंतप्रधान वाटायचे. पंचायत राज, सत्तेचं विकेंद्रीकरण, स्वच्छ भाषा, या सगळ्यावर बाबा भाळलेले. जनता पक्ष त्यांचा होता, त्यात त्यांचे सेवा दलातले सोबती होते. त्या जूननंतर त्यांनी बंगळूरला, पुण्याला, कुणाकुणाला पत्रं लिहिली. सभ्य उत्तरं आली. परिस्थिती नाजूक आहे, भाषेच्या प्रश्नावर हेगड्यांना कन्नड जनमत सांभाळावं लागतं, व्यापक लढा ध्यानात घ्या. ती पत्रं मी वाचली आहेत. आज माझ्या मोबाइलवर पक्षातले ओळखीचे लोक जी उत्तरं पाठवतात, ती वेगळ्या शब्दांत तीच आहेत. बाबांनी समाजवाद सोडला नाही, पण त्यानंतर मेले तोवर समितीशिवाय कुणाला मत दिलं नाही.

मग मी समितीला का देत नाही, हा दादाचा प्रश्न रास्त आहे.

एन. डी. पाटील होते तोवर मला तो प्रश्न इतका छळत नव्हता. शेकापचा हा म्हातारा माणूस काठी टेकत यायचा, सीमाप्रश्नावर बोलायचा आणि त्याच भाषणात शेतकऱ्याच्या विजेच्या बिलावर, शिक्षणाच्या बाजारावर, अंधश्रद्धेवर बोलायचा. कन्नड माणसाबद्दल त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द मी ऐकला नाही. १७ जानेवारी २०२२ ला ते गेले. सीमाभागात १७ जानेवारी म्हणजे हुतात्मा दिन. १९५६ च्या त्या दिवशी इथे गोळीबार झाला होता. हुतात्म्यांना फुलं वाहून आम्ही घरी आलो आणि बातमी कळली.

पुढच्याच वर्षी विधानसभा आली. बेळगाव दक्षिण हा आमचा मतदारसंघ. समितीने रमाकांत कोंडुस्कर यांना उभं केलं. ते श्रीराम सेना हिंदुस्थान या संघटनेचे प्रमुख. त्यांच्याभोवती तरुण पोरं होती, जोर होता, तरी बारा हजारांच्या आसपास मतांनी ते भाजपच्या अभय पाटील यांच्यासमोर पडले. समितीच्या जुन्या माणसांचं म्हणणं मला कळत होतं. २०१८ मध्ये एकही आमदार आला नव्हता. २०२१ मध्ये महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या, आणि त्या ३५ मध्ये मराठी आडनावं भरपूर होती. मराठी पोरं हिंदुत्वाकडे निघाली आहेत, तर त्यांना निदान हिंदुत्वाच्याच वाटेने समितीत ठेवू, असा तो हिशेब. पण ज्या समितीच्या व्यासपीठावर एन. डी. बसायचे तिथे हा हिशेब मांडला जातोय, हे मला सोसलं नाही. मी समितीला मत दिलं नाही. दादा दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलला. गल्लीतल्या एका काकूंनी विचारलं, तुझे बाबा असते तर? मी म्हटलं, बाबा असते तर या उमेदवारीवर आधी तेच भांडले असते. मला तशी खात्री आहे. दादाला तशीच उलटी खात्री आहे.

समिती म्हणते, आधी सीमाप्रश्न सुटू दे, बाकीचं नंतर बघू. काँग्रेस म्हणते, आधी भाजपला रोखू दे, बाकीचं नंतर बघू. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा टाकला २००४ मध्ये. माझी वकिलीतली बहुतेक वर्षं तो दावा प्रलंबित आहे. नंतर बघू म्हटलेल्या गोष्टींत एक अख्खी पिढी म्हातारी होते, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

काँग्रेसला मराठी माणूस दिसत नाही असं नाही. दिसतो, पण कसा? मार्च २०२३ मध्ये राजहंसगडावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण दोनदा झालं. आधी मुख्यमंत्री बोम्मई यांनी केलं, मग तीन दिवसांनी काँग्रेसच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांनी. निवडणूक दोन महिन्यांवर होती. महाराजांसमोर वाकायला मला कुणाच्या निमंत्रणाची गरज नाही. मला हवंय ते वेगळंच आहे. माझ्याकडे येळ्ळूरचा, बेळगुंदीचा शेतकरी येतो, त्याच्या हातात सरकारी नोटीस असते. पूर्ण कन्नडमध्ये. जमीन त्याची, आजोबांपासून कसलेली, बासमती पिकवणारी. त्याची जमीन जाणार की राहणार, हे त्याला माझ्या तोंडून कळतं. हरकतीची मुदत किती दिवसांची होती हे कळेपर्यंत ती कधी कधी संपलेली असते. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने मान्य केलेलं धोरण आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं हे घटनेच्या ३५०अ कलमात आहे. यात सीमा बदलत नाही, कर्नाटकाचा एक इंच जात नाही. उदारमतवादी म्हणवणाऱ्या पक्षाने अल्पसंख्याकांचे हक्क म्हणून हे आपणहून द्यायला हवं होतं. २०२४ च्या सुरुवातीला त्याच पक्षाच्या सरकारने पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा कायदा आणला आणि आमच्या बाजारात पाट्या बदलताना पाहून मी खूप खिन्न झाले. कन्नड मला परकी नाही, माझं अर्धं आयुष्य तिच्यात गेलंय. पण पाटीची मापं घेणाऱ्या सरकारला माझ्या शेतकऱ्याची नोटीस का दिसत नाही?

आणि तरी मी त्यांनाच मत देत आले, हे त्यांना माहीत आहे. सगळा घोळ तिथे आहे. मी भाजपला जाणार नाही, समितीला आता जाऊ शकत नाही, घरी बसणार नाही. म्हणून माझं मत मोजून झालेलं आहे. प्रचाराला येतात तेव्हा आमच्या गल्लीत थांबतही नाहीत. जो जाऊ शकतो त्याच्याकडे जातात, त्याला पुतळा देतात, त्याला आंजनेयाचं मंदिर देतात. एका स्थानिक पुढाऱ्याने मला हे तोंडावर सांगितलं होतं, आणि अगदी प्रेमाने. “ताई, तुम्ही आमच्याच की.”

कोल्हापूरची माझी मैत्रीण २०१९ मध्ये अशीच चिडली होती, काँग्रेस शिवसेनेबरोबर सत्तेत बसली तेव्हा. तिला मी म्हटलं होतं, तुमच्याकडे निदान किमान समान कार्यक्रमाचा छापील कागद आहे, त्यात घटनेतल्या धर्मनिरपेक्ष मूल्यांचा उल्लेख आहे. उद्या मोडला तर बोट ठेवायला जागा आहे. आमच्याकडे बोट ठेवायला काहीच नाही.

बेळगावला हे काँग्रेसला सांगण्याचा विशेष अधिकार आहे असं मी मानते. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यजमान. पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे, काँग्रेस रोडवरून मी रोज कोर्टात जाते. त्या अधिवेशनाच्या आठवणी काढताना सगळे खादी, सूत, अस्पृश्यता निवारण सांगतात. तिथे मोठी तडजोड मंजूर झाली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. त्याआधी नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात गांधीजींनी चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्याशी करार केला होता. परदेशी कापडाचा बहिष्कार वगळता असहकार थांबवायचा आणि कायदेमंडळात जाणाऱ्या स्वराज्य पक्षाला काँग्रेसच्याच वतीने काम करू द्यायचं. गांधीजींच्या शब्दाखातर ज्यांनी कोर्टं सोडली, कॉलेजं सोडली, कायदेमंडळात जायला विरोध असलेल्या त्या नाफेरवाद्यांच्या हे किती जिव्हारी लागलं असेल, याची मी एक वकील म्हणून कल्पना करू शकते. मोबदल्यात गांधीजींनी सभासदत्वासाठी चार आण्यांऐवजी महिन्याला दोन हजार वार सूत मागून घेतलं, आणि तेही वर्षभरात सैल करावं लागलं.

म्हणजे या माणसाने सोडलं बरंच, मिळवलं थोडं. पण तो करार त्यांनी बेळगावात सगळ्यांसमोर ठेवला. कोण दुखावलंय हे त्यांना माहीत होतं आणि त्याच लोकांशी ते बोलत होते. जे आपलेच आहेत त्यांची समजूत आधी काढायची, कारण त्यांनी सर्वांत जास्त सोसलंय, असं त्यांचं वागणं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये शताब्दीसाठी शहर दिव्यांनी उजळलं. दिल्लीहून कार्यकारिणी आली. त्याच रात्री मनमोहन सिंग गेले, दुसऱ्या दिवशीची सभा रद्द झाली आणि ती जानेवारीत झाली. गांधी, आंबेडकर, संविधान, तिन्हींच्या नावाने घोषणा झाल्या. मी त्या मनापासून दिल्या आणि पुन्हा देईन. मात्र १९२४ ची ती एक सवय, आपल्या माणसांना हिशेब देण्याची, तिचं नाव एकाही भाषणात मी ऐकलं नाही.

मला लोक विचारतात, एवढं आहे तर नोटा दाब. नोटा दाबून मी कुणाशी बोलणार? तरुण वकील म्हणतात, ताई, एकदा पाडा त्यांना, मग ऐकतील. ५,२४० मतांनी पडले होतेच की. त्यातून पक्षाने काय शिकलं, तर हिंदू मतांना आणखी जपायला हवं. पडलेला उमेदवार का पडला हे ठरवणारे आम्ही नसतो. म्हणून मत देऊन गप्प बसायचं नाही आणि मत नाकारून दूरही जायचं नाही, असं मी आणि काही मित्रमैत्रिणींनी ठरवलं आहे. मराठी आहेत, कन्नड आहेत, एक उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर आहेत. २०२८ च्या विधानसभेला वेळ आहे, पण उमेदवार आत्तापासून घिरट्या घालायला लागतात. जो येईल त्याच्यासमोर ठेवायला आम्ही प्रश्न लिहून काढतोय. कलबुर्गी खटला चालवायला सरकार काय करतंय. नोटिसा मराठीत कधी. दुसऱ्या पक्षातून आणलेल्या माणसाने आपली जुनी विधानं जाहीर मागे घेतली का. जाहीरनाम्यातलं कलम फिरवलंत तर ते मतदारसंघात येऊन कोण सांगणार. हेच प्रश्न थोडे बदलून समितीलाही द्यायचे, आणि तिथे पहिला प्रश्न असा की उमेदवार निवडताना एन. डी. पाटलांची समिती डोळ्यांसमोर आहे का. तो कागद दादा स्वतः घेऊन जाणार आहे. पहिल्या प्रश्नाची भाषा त्याला फार कडक वाटते, पण नेतो म्हणालाय.

काँग्रेसच्या कागदावर मात्र एका ओळीपाशी गाडी अडली आहे. सर्वोच्च न्यायालय सीमाप्रश्नी जो निकाल देईल तो, कसाही लागला तरी, शांतपणे अमलात आणण्याचं वचन उमेदवाराने द्यावं, अशी ओळ मी घातली. २०१५ मध्ये चन्नम्मा चौकात मला अक्का म्हणणाऱ्या त्या कन्नड मित्राला ती नको आहे. तो म्हणतो, बाकीच्या प्रत्येक ओळीवर सही करतो, पण ही असेल तर आमच्या गल्लीत कागद कुणी हातात धरणार नाही, आत्ता एवढं सोडा, हे नंतर बघू. मी ती ओळ काढायला तयार नाही.